माझ्या कोपऱ्यातला माणूस

सर, तुम्ही होतात तोवर तुमच्याशी भांडायचं मला धाडस झालं नाही, आणि तुम्ही गेल्यावर लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलायला लागले की भांडायला जागाच उरली नाही. सातपूरच्या आपल्या शाळेतलं कुणीही कुठे भेटलं, भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुणाच्या लग्नात, की बोलणं फिरून तुमच्यावर येतं आणि मग ते वाक्य येतं, सर नेहमी आमच्या पाठीशी होते. मी मान डोलावते. मला तर ते तुमची लाडकी विद्यार्थिनी समजतात, शाळेत हातात ग्लोव्ह्ज घालणारी पहिली मुलगी, त्यामुळे माझ्याकडून जरा जास्तच कौतुकाची अपेक्षा असते. तीही मी पुरी करते. हसते, तुमची एखादी गंमत सांगते, घरी येते, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात, घरातल्यांवर विनाकारण ओरडते. कितीतरी वर्षं हे असंच चाललं आहे. म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही, तेव्हा शब्द जपून वापरायचं काही कारण नाही.

नववीतला इंग्रजीचा तास आठवतो. जेवणाच्या सुट्टीनंतरचा, निम्मा वर्ग पेंगतोय, बाहेर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा होऊन गेलाय. धड्यात एक जण आपल्या आजारी मित्राला म्हणतो, आय ॲम इन युअर कॉर्नर. गाइडमध्ये त्याचा अर्थ 'मी तुझ्या कोपऱ्यात आहे' असा छापला आहे आणि आम्ही सगळ्यांनी तो जसाच्या तसा उतरवून आणला आहे. तुम्ही एक वही उचलता, वाचता, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसता. 'कोपऱ्यात काय असतं रे? केरसुणी असते!' मग तुम्ही खडू खाली ठेवता आणि पुढचे बाक मागे सरकवायला लावता. इंग्लंडात पूर्वी माणसं मोकळ्या मैदानात नुसत्या मुठींनी लढायची, तुम्ही सांगता. भोवती बघ्यांचं कडं, तेच रिंगण. पुढे खुंट ठोकून दोर बांधले तेव्हा ते चौकोनी झालं, पण नाव रिंगच राहिलं. समोरासमोरचे दोन कोपरे लढणाऱ्यांचे, उरलेले दोन कुणाचेच नाहीत. ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात त्याची माणसं. एकाजवळ पाण्याची बाटली असायची, आणि दुसऱ्याचं काम ऐकून तर आम्हाला ते खरंच वाटेना. तेव्हा स्टूल नसायचं. फेरी संपली की तो माणूस एक गुडघा जमिनीला टेकून बसायचा आणि दमलेला गडी त्याच्या दुसऱ्या मांडीवर बसून श्वास घ्यायचा. हे सांगता सांगता तुम्ही इस्त्रीच्या पँटसकट फरशीवर गुडघा टेकलात आणि वर्गातल्या सगळ्यात जाड मुलाला बोलावून मांडीवर बसवलंत. वर्ग हसून हसून आडवा झाला. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या.

मग उठून गुडघा झटकत तुम्ही म्हणालात, 'आता कळलं? इन युअर कॉर्नर म्हणजे असा माणूस. तुमची लढाई तो लढत नाही. पण तुम्ही दमून परत आलात की बसायला त्याची मांडी असते.' मागून कुणीतरी विचारलं, 'म्हणजे सर, आपलं पाठीशी असणं?' तुम्ही म्हणालात, 'जवळपास. पण पाठीशी असलेला माणूस आपल्याला दिसत नाही. कोपऱ्यातला दिसतो. आपण त्याच्याकडे तोंड करून परत येतो.' तुम्हाला आठवत असेल की नाही कुणास ठाऊक, त्या संध्याकाळी मी शाळेमागच्या पत्र्याच्या शेडपाशी येऊन उभी राहिले. तिथे तुम्ही मुलांना बॉक्सिंग शिकवायचात. कॉलेजात असताना तुम्ही स्वतः खेळला होतात, तुमचं नाक थोडं वाकडं होतं ते त्यामुळेच. मी म्हटलं, 'सर, मुलींना चालतं का?' तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत आणि म्हणालात, 'हातांना काय कळतंय मुलीचे आहेत की मुलाचे?' त्या एका वाक्यावर मी पुढची चार वर्षं काढली. अजूनही चांगलं वाक्य आहे ते. म्हणूनच जास्त राग येतो.

शिकवलंत मात्र जीव ओतून, तेवढं मी नाकारत नाही. मोडक्या बाकांच्या ढिगाशेजारी दोरीने आखलेलं ते रिंग, घामाने कडक झालेल्या हातपट्ट्या, आणि तुमचा तो नियम, की मधल्या मिनिटात कोपऱ्याने एकच गोष्ट सांगायची. दमलेल्या डोक्यात दोन मावत नाहीत. फेरी चालू असताना तर कोपऱ्याला तोंड उघडायची परवानगीच नसते, हेही तुम्हीच शिकवलंत. ओरडून काही सांगता येत नाही, आत पाऊल टाकता येत नाही. हातात फक्त टॉवेल असतो. तो रिंगमध्ये टाकला की आपला खेळाडू हरला. एकदा सरावात मी शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांकडे बघत बसले, कॉलनीतल्याच होत्या, तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही सगळ्यांदेखत मला झाडलंत, 'समोर बघ. बाहेर उभं राहून बघणाऱ्यांचा विचार करायचा असेल तर आत कशाला आलीस?' मला रडू आलं. पण तेव्हापासून मी रिंगमधून बाहेर कधीच बघितलं नाही. बाहेर बघायचं काम तुमचं आहे, असं मी धरून चालले होते.

बारावीला होते तेव्हा राज्य स्पर्धा नाशकातच आल्या. मुलींच्या बॉक्सिंगला तेव्हा कुठे सुरुवात झाली होती, तालुक्याला एखादी मुलगी निघायची. मी अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. जिंकणारी मुलगी शिबिराला जाणार होती, आणि शिबिरातून पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर लागता येत होतं. मला ती नोकरी हवी होती. पदकाचं मला फारसं काही नव्हतं, मला खाकी हवी होती, स्वतःचं ओळखपत्र हवं होतं, आणि आमच्या दोन खोल्यांतून कुणाची परवानगी न घेता बाहेर पडता यायला हवं होतं. आप्पांचं म्हणणं वेगळं होतं. ते नामपूरहून सातपूरला येऊन कंपनीत लागलेले, पण सोयरिकी सगळ्या तिकडेच. येत्या रविवारी नामपूरहून मला बघायला पाहुणे येणार होते आणि अंतिम सामना त्याच्या आदल्या दिवशी होता. 'नाक फुटलं तर पोरीला करणार कोण?' आप्पा घरात ओरडत होते. आई भाकऱ्या थापत राहिली. मी जेवले नाही. मग दुसऱ्या दिवशी आप्पा पहिली पाळी करून आले आणि काही घडलंच नसल्यासारखे म्हणाले, 'जाय, खेळ.' मला वाटलं बापाचं काळीज विरघळलं. तुम्ही शेडमध्ये इतकंच सांगितलंत, 'तुझ्या वडिलांशी बोललो मी. तू खेळ.' मी वाकून तुमच्या पाया पडले होते, सर. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

सामना. माझा निळा कोपरा. समोर सांगलीकडची मुलगी, माझ्याहून उंच, उजवा हात लांब आणि जड. पहिली फेरी माझी होती. ही फुशारकी नाही, स्टुलावर बसले तेव्हा तुम्हीच म्हणालात, 'फेरी तुझी. आता आत शीर.' तुमच्या नियमाप्रमाणे एकच गोष्ट. मी आत शिरायचं ठरवलं. तिचा हात लांब असल्यामुळे आत शिरायचं म्हणजे एक ठोसा तोंडावर घ्यावाच लागणार आणि बदल्यात जवळून दोन द्यायचे. दुसऱ्या फेरीत मी तेच करते आहे. तिचा उजवा हात नाकावर येतो, नाकात गरम काहीतरी वाहायला लागतं, ओठांवर खारट चव. मी मुद्दाम घेतलेला ठोसा आहे तो. मी आत आहे, माझे दोन्ही हात तिच्या बरगड्यांवर पडताहेत, ती मागे सरकत दोरांना टेकली आहे, तिचा श्वास मला ऐकू येतो आहे. आणि माझ्या पायाशी काहीतरी पांढरं येऊन पडतं. मला वाटलं वरून कुणाचा तरी रुमाल पडला. मी मारत राहिले. रेफरी मध्ये घुसले, त्यांनी मला दंडाला धरून बाजूला केलं, तरी माझे हात वरच होते. मग त्यांनी तिचा हात वर केला. ती मुलगीसुद्धा बावळटासारखी माझ्याकडे बघत होती. मी मागे वळले. तुम्ही दोरांशी उभे होतात आणि तुमचे हात मोकळे होते.

घरी आईने स्वयंपाकघरात ओट्याशी बसवून ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर हनुवटीला धरून चेहरा खिडकीकडे फिरवला आणि नाक सरळ आहे का ते बघितलं. सरळ होतं. सामना बघून आलेले आप्पा दारात चपला काढत होते, चांगल्या मनःस्थितीत होते. त्यांचं बोलणं अर्धं नामपूरचं, अर्धं सातपूरचं. 'सर शब्दाना पक्का माणूस शे,' ते आईला म्हणाले. 'मले आधीच सांगेल व्हतं. म्हणे, भाऊ, मी तिच्या कोपऱ्यात आहे, रक्त दिसलं की थांबवतो. तोंडाला काही होऊ देत नाही. सांगितलं तसं केलं बघ.' ते लपवत नव्हते. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं, उलट तुमचं कौतुक चाललं होतं. आईने फडकं पिळलं आणि म्हणाली, 'जेवायला वाढू?' मी त्या ओट्याशी बसून ते वाक्य ऐकलं, मी तिच्या कोपऱ्यात आहे, तुमचंच वाक्य, नववीतलं, ज्याच्यासाठी तुम्ही फरशीवर गुडघा टेकला होतात. ते तुम्ही माझ्या बापाला देऊन आला होतात.

सोमवारी मी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. तुम्ही बाहेर आलात, जिन्यापाशी नेलंत. 'नाक मोडलं असतं,' तुम्ही म्हणालात. 'माझं बघ, आयुष्यभर वाकडं राहिलं. तुझ्या भल्याचंच केलं मी.' मी विचारलं, 'सर, मी मागे पडले होते का?' तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. 'नव्हतीस,' म्हणालात. मग मी थांबले. मला वाटलं आता सांगाल. आप्पांना काय बोलून आला होतात ते सांगाल, मान खाली घालून का होईना, सांगाल. तुम्ही म्हणालात, 'परीक्षा जवळ आली आहे, अभ्यासाकडे लक्ष दे.' जिन्यावरून मुलं धडाधड उतरत होती, त्यांना तुम्ही हळू जा म्हणून दटावलंत आणि त्यांच्या मागून निघून गेलात.

रविवारच्या पाहुण्यांचं सांगते, तुम्हाला कळायला हवं. आईने नाकावर पावडर थापली. पोहे झाले, चहा झाला, मुलाचं आडतीचं दुकान किती मोठं, कांदा साठवायच्या चाळीत माल किती, हे सगळं सांगून झालं. जाताना मुलाच्या आईने ओटी भरायला म्हणून माझा हात हातात घेतला आणि उलटा करून बघितला. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, कातडी सोललेली होती. 'पोर दणकट शे,' त्या म्हणाल्या, आणि बाकीच्या बायका हसल्या. आठवड्याने मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगी चांगली आहे पण आमच्या घराला जमायची नाही. म्हणजे नाक वाचवलंत, सर, आणि त्यांनी हातांवरून नाकारली. हातांना काय कळतंय म्हणणारे तुम्ही तेव्हा तिथे हवे होतात. सांगलीची मुलगी शिबिराला गेली.

पुढे मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि माझं लग्न झालं. नवरा अंबडला एका कंपनीत आहे, चांगला माणूस आहे, त्याचं या पत्रात काही काम नाही. लग्नात तुम्ही आलात, पाकीट दिलं नाहीत, खाकी कागदात गुंडाळलेली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी दिलीत. 'हे सोडू नकोस,' म्हणालात. स्टेजवर उभं राहून हार सावरत मी हसले, फोटोही आहे. आणि खरोखरच सोडलं नाही. आज पुढच्या खोलीत माझा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास चालतो, सातपूरच्या कंपन्यांतली मुलं येतात, परदेशी जायच्या तयारीतल्या नर्सेस येतात. लोक म्हणतात, बघा, सरांनी कशी दिशा दिली. तुम्ही दिलेल्या इंग्रजीवर माझं नाव झालं आहे हे मला आवडत नाही. एका हाताने काढून घेतलंत आणि दुसऱ्या हाताने दिलंत, आणि आभार मात्र दुसऱ्याच हाताचे मानायचे.

तुमची वकिली मी स्वतःच करते, तुम्हाला कष्ट नाहीत. माझं मन म्हणतं, त्यांनी शब्द दिला नसता तर आप्पांनी त्या दिवशी रिंगमध्ये पाऊलच टाकू दिलं नसतं. निदान खेळायला तर मिळालं. मास्तर माणूस, कॉलनीतल्या बापाशी वैर घेऊन शाळेत कसा टिकणार? दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप लागलं असतं, माझ्या मागच्या मुलींनाही दार बंद झालं असतं. हे सगळं खरं आहे. पण सर, मला सांगायला काय झालं होतं? एवढंच म्हणायचं होतं, तुझ्या वडिलांना मी असा शब्द दिला आहे, रक्त दिसलं की खेळ संपला. मी नाक सांभाळून खेळले असते! लांब राहिले असते, गार्ड वर ठेवून फिरत राहिले असते, पहिली फेरी खिशात होती, नुसतं फिरून जिंकले असते. तसं खेळायला तुम्हीच शिकवलं होतंत. तुम्ही मला त्याऐवजी आत शीर म्हणालात. का म्हणालात? तुम्हाला त्या क्षणी शब्दाचा विसर पडला आणि फक्त सामना दिसला, असं मी समजायचं का? की मला वाटलं त्याहून तुम्ही घाबरट होतात आणि रक्त येणारच नाही अशी आशा लावून बसला होतात? त्या हॉलमध्ये एक नियम होता जो तुम्हाला माहीत होता, आप्पांना माहीत होता, आणि जिला ठोसे खायचे होते तिला माहीत नव्हता. हे मी तुम्हाला माफ करू शकत नाही. टॉवेल टाकल्याचं कदाचित केलं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी पंचवटीत तुमच्या घरी आले होते. गल्लीत चपलांचा खच होता, भाजीवाल्यांनी हातगाड्या बाजूला घेतल्या होत्या, जुने विद्यार्थी ओळीने उभे. जो तो तेच बोलत होता, पाठीशी होते, पाठीशी होते. काकूंनी मला जवळ घेतलं आणि रडत म्हणाल्या, 'तुझं नाव फार काढायचे गं. म्हणायचे, त्या मुलीचं व्हायला हवं होतं.' व्हायला हवं होतं! जणू पाऊस पडायला हवा होता आणि पडला नाही. जणू कुणी काही केलंच नव्हतं. मी काकूंच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या दुःखात होत्या, त्यांना काय बोलायचं? पण घरी परतताना रिक्षात मी इतकी रागावले होते की रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, 'ताई, काही झालं का?'

आणि मग काही वर्षांनी ती भेटली. बसस्थानकावर, मी पुण्याच्या गाडीची वाट बघत होते आणि समोर खाकीत एक बाई, खांद्यावर तारे, बरोबर दोन शिपाई. तिनेच ओळखलं. हात पुढे केला, मग तो सोडून सरळ मिठीच मारली. सांगलीची. बंदोबस्तासाठी आली होती. चहा घेतला आम्ही, मुलांची चौकशी झाली, आणि मग कप खाली ठेवून ती म्हणाली, 'एक विचारू? तू का गं सोडलीस त्या दिवशी? मी हरत होते की. माझा श्वास संपला होता, अजून एक फटका बसला असता तर खाली बसले असते.' मी म्हटलं, 'मी नाही सोडलं. सरांनी टॉवेल टाकला.' 'ते बघितलं ना मी,' ती म्हणाली. 'तुझी पाठ होती, मी त्यांच्याकडेच तोंड करून होते. तुझ्या नाकाला रक्त आलं तसं ते वर गॅलरीत बघायला लागले. तिथं एक माणूस उभा राहिला होता. त्यानं हात केला, मग यांनी टॉवेल टाकला. मला वाटलं डॉक्टर असतील.' डॉक्टर नव्हते. गॅलरीत आप्पा होते, पहिली पाळी संपवून डब्याची पिशवी घेऊन आलेले. म्हणजे मी समोर बघत होते, तुम्ही शिकवलंत तसं, आणि तुम्ही बाहेर बघत होतात. तिची गाडी आली, शिपायाने दार उघडून धरलं. मी हात हलवला. मला तिचा हेवा वाटला, असा सपाटून हेवा वाटला की पुण्याची माझी गाडी डोळ्यांदेखत निघून गेली.

आता शेवटचं. मागच्या आठवड्यात क्लासमध्ये एक मुलगी, नर्स आहे, जर्मनीला जायची खटपट करते आहे आणि घरून विरोध आहे, तिने मोबाईल पुढे केला. तिकडच्या कुठल्यातरी मैत्रिणीचा मेसेज होता, वी आर ऑल इन युअर कॉर्नर. 'मॅडम, याचा अर्थ काय?' मी फळ्याशी गेले आणि सगळं सांगितलं, मैदान, दोर, बाटलीवाला, मांडी देणारा माणूस. तुमच्याच शब्दांत, तुमच्याच क्रमाने, दुसरे शब्द मला येतच नाहीत. मुलगी ऐकत होती, मग तिने सहज विचारलं, 'मॅडम, तुमच्या कॉर्नरला कोण होतं?' वर्गातली सगळी तोंडं माझ्याकडे. मी खडू हातात घेऊन खरंच शोधलं, सर. आई आठवली, माझी हनुवटी धरलेली. आप्पा आठवले. नवरा आठवला, पण तो आला तेव्हा लढाई संपली होती. आणि मग माझ्या तोंडून निघालं, 'होते आमचे एक सर.' म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. हे पत्र पंचवटीत काकूंना पाठवावं असं मघाशी एकदा मनात आलं होतं, त्यांचा पत्ता अजून तोच आहे. पण नाही पाठवणार. हे वाचून त्यांना वाटेल मी तुम्हाला माफ केलं. तसं काही नाही. त्या मुलीला नाव सांगायला माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं.